काळ्या पाषाणाखाली : प्रस्तावना

शहादा-तळोद्याकडे विहीर खोदताना सुरुंग उडतो, तेव्हा लांब बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हादरा आधी तळपायांना कळतो, आवाज मागून येतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अखंड काळ्या पाषाणातून तोच कंप पाच किलोमीटरच्या आसपास धावतो. हा फरक ज्याने अनुभवला, त्याला भूकंपतरंगांच्या शास्त्राचा अर्धा पाया ठाऊकच आहे. उरलेला अर्धा म्हणजे कंप कुठे, किती वेळात पोचला याची चोख नोंद आणि त्यावरून वाटेत काय लागले याचा हिशेब.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या ओल्डहॅम यांनी अशाच हिशेबाने १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. त्या गाभ्यातला आंतरगाभा इंगे लेहमान यांना १९३६ मध्ये सापडला. पण नंदुरबारच्या विद्यार्थ्याने इतक्या खोल जाण्याची घाई करू नये. त्याच्या पायांखालचे पहिले दोन-तीन किलोमीटरच पुरेसे अवघड आहेत.

इथली जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. नंदुरबार-धुळे पट्ट्यात माळावर पूर्व-पश्चिम पसरलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. जमीन उत्तर-दक्षिण ताणली जाऊन पडलेल्या भेगांत शिलारस चढला आणि गोठला, त्या या भिंती. पण लाव्ह्याखाली काय आहे? सहसा खोलीबरोबर खडकातला वेग वाढतो, त्यामुळे तरंग वळून पुन्हा वर येतात. लाव्ह्याखाली मात्र गाळाचे खडक असले, तर वेग एकदम घटतो. तरंग वर वळण्याऐवजी आणखी खाली वाकतात आणि तो थर नोंदीत जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती फक्त एक तूट : पुढचा तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा येतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नंदुरबारच्या पूर्वेला थुआदरा-सेंधवा-सिंदाड या रेषेवर सुरुंगांचे कंप नोंदवले. नर्मदेकडे आणि तापीकडे लाव्ह्याखाली गाळाच्या खडकांची दडलेली खोरी आहेत, हे त्यातून पुढे आले. न आलेल्या तरंगालाही अर्थ असतो, हे मला या विद्येतले सर्वांत देखणे वाटते. म्हणून या पुस्तकातली सर्वाधिक पाने मी त्या तुटीला दिली आहेत. गणित तिथे वाढते. वाचकाने थांबत, कागदावर किरण काढत जावे. शाळेतले प्रकाशाचे वक्रीभवन आठवत असेल, तर अडणार नाही.

शेवटचे प्रकरण १४ मार्च १९३८ च्या सातपुडा भूकंपाचे आहे. त्याचे केंद्र सुमारे चाळीस किलोमीटर खोल मानले गेले. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही असाच खोल, सुमारे छत्तीस किलोमीटरवरचा. इतक्या खाली उष्णतेने खडक मऊ पडायला हवा, तुटायला नको. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात तो का तुटतो, या प्रश्नापाशी पुस्तक थांबते.