गोणपाटावरची जागा

नोव्हेंबर महिन्यातल्या एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही ऐरोलीच्या डॉ. आंबेडकर स्मारकात गेलो होतो. मुले बारा-तेरा वर्षांची. कुणी वसईकडून इकडे राहावयास आलेल्या घरांतली, कुणी गोव्या-मंगळूरची, दोघे-तिघे मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांतली. साताऱ्याच्या शाळेची हकिकत आम्ही सांगू लागलो तेव्हा त्यांतल्या एकाने विचारले, ‘‘फादर, शाळेत नळ होता ना? मग तो पाणी का पीत नव्हता?’’ प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र आम्हांला नीट देता आले नाही, आणि परतल्यावर जुनी पुस्तके काढून बसावे लागले.

ही कथा साताऱ्यापासून सुरू होत नाही. ती धारवाडपासून सुरू होते. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. १८५६ सालच्या जून महिन्यात तेथील एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला की, सरकारी शाळेत आपणांस प्रवेश नाकारण्यात आला आहे. कंपनी सरकारला शाळा काढून उणीपुरी तीस-पस्तीस वर्षे झाली असतील. इतक्या काळात कुणी असा अर्ज केला नव्हता. सरकारने २१ जुलै रोजी ठराव करून उत्तर दिले. त्याचा आशय असा : तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे खरे, परंतु एकट्या मुलासाठी त्यास सवर्ण मुलांत जबरीने बसविले, तर ती मुले शाळा सोडतील आणि बहुसंख्य लोकांना शाळा निरुपयोगी होईल, सबब सरकार यात हात घालू शकत नाही.

वाचकांनी हा ठराव एकदा पुन्हा वाचावा. त्यात मुलाविषयी एकही वाईट शब्द नाही. न्याय तुझा आहे असे त्यास सांगितले आहे, आणि मग दार लावून घेतले आहे. अर्ज लिहिणारा तो मुलगा पुढे काय झाला, हे आमच्या वाचनात कोठे आले नाही. वरिष्ठांना मात्र हे उत्तर रुचले नाही. लंडनमधील कंपनीच्या संचालकांनी १८५८ च्या एप्रिलमध्ये कळविले की, सरकारी विद्यालये सर्व वर्गांसाठी आहेत आणि या तत्त्वापासून सरकारला ढळता येणार नाही. पुढे खुद्द डॉ. आंबेडकरांनीच १९२८ साली सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन ठेवले, त्यात हे धारवाडचे प्रकरण बाहेर काढले. सत्तर वर्षांपूर्वीचा तो ठराव उघडताना त्यांना स्वतःची शाळा आठवली नसेल, असे आम्हांला वाटत नाही.

धारवाडच्या अर्जाच्या आदल्याच वर्षी पुण्यात आणखी एक मूल बोलले होते. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन अंकांत छापून आला. (‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांचे, त्या निबंधाला जागा देण्याचे श्रेय त्यांचे आहे.) मुक्ता ज्या शाळेत शिकली ती तिच्यासारख्यांसाठीच निराळी काढलेली होती. ती नसती तर मुक्ताच्या हाती लेखणी आली नसती, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही निराळी शाळा ती निराळीच. धारवाडच्या मुलाने निराळी शाळा मागितली नव्हती. सर्वांची आहे तीच मागितली होती.

आता सातारा. संचालकांच्या त्या आज्ञेनंतर बेचाळीस वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. दार उघडले होते. आत काय होते, ते बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत इंग्रजीतून लिहून ठेवले आहे. वर्गात मुले आपापल्या क्रमांकाप्रमाणे बसत. या मुलाचा क्रमांक कोणताही असो, त्याची जागा कोपऱ्यात. बसावयास गोणपाटाचा तुकडा, तो त्याने घरून आणावयाचा आणि संध्याकाळी घरी न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास हात लावीत नसे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरेशी नव्हती. नळ सोडण्यास शिपाई हवा. शिपाई नसला की पाणी नाही.

आमच्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. नळ होता, पाणी होते, प्रवेशही होता.

गोणपाटाची ही गोष्ट आम्हांला सर्वांत जास्त बोचते. रोज सकाळी नऊ वर्षांचा मुलगा पाटीदप्तराबरोबर आपल्या वेगळेपणाचा पुरावा स्वतःच्या काखेत मारून शाळेत नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. तेथे एकदा मास्तरांनी त्यास गणित सोडविण्यास फळ्याजवळ बोलाविले, तर वर्गातली मुले धावली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते, ते बाटतील म्हणून.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. सहा वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९६० रोजी, न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली ती केंद्र सरकारच्या सशस्त्र मार्शलांच्या पहाऱ्यात. गोऱ्या पालकांनी मुले काढून नेली. वर्षभर एका वर्गात ती एकटी आणि बार्बरा हेन्री या शिक्षिका, अशी शाळा चालली. धारवाडच्या ठरावात जी भीती घातली होती तीच तेथे खरी ठरली, आणि तरीही शाळा बंद केली नाही. आता एक गोष्ट आम्हां कॅथलिकांनी नमूद केली पाहिजे. सेंट लुईसचे आर्चबिशप रिटर यांनी आपल्या शाळा १९४७ सालीच सर्वांस खुल्या केल्या होत्या. पण न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी वर्णभेद पाप आहे असे १९५६ साली पत्रक काढूनही, कॅथलिक शाळांची दारे उघडण्याचा आदेश १९६२ साली दिला. विरोधकांपैकी तिघांना त्यांनी ख्रिस्तसभेतून बहिष्कृतही केले, धैर्य खरेच. परंतु सहा वर्षांची रूबी दोन वर्षे आधी पोहोचली होती.

आपल्याकडे कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. स्वातंत्र्यानंतर संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने खासगी शाळांतही पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. अल्पसंख्याकांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी यातून वगळले; २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या सवलतीविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याचे सुचविले. संविधानाने दिलेला आमचा हक्क आम्हांस प्रिय आहे आणि तो राहावा असेच आम्ही म्हणू. पण सवलत मिळाली तेव्हा सुटकेचे जे निःश्वास आम्ही ऐकले, ते आम्हांला आवडले नव्हते.

आवडले नव्हते असे लिहिले खरे. आता पुढचेही लिहितो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेच्या समितीवर आम्ही होतो. खाणीजवळच्या वस्तीतली दहा मुले विनाशुल्क घ्यावीत, असा प्रस्ताव एका सिस्टरने मांडला. कुणी विरोध केला नाही. कल्पना योग्यच आहे, असे सर्व जण म्हणाले. मग एक गृहस्थ म्हणाले की, दहा मुलांपायी इतर पालक मुले काढतील आणि एवढी चांगली संस्था अडचणीत येईल. प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाला आणि पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नव्हता. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. धारवाडचा ठराव तोवर आमच्या वाचनात आलेला नव्हता.

पुढच्या रविवारी त्या मुलाला आम्ही शिपायाचे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘आणि मास्तर? मास्तरांनी का नाही नळ सोडला?’’