निळ्या पाकळ्यांचा हिशेब

फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोचला. तिचा आलेख मात्र पोचला नाही. आम्हांला तो आलेख दिव्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्य कशाने मेले, हा प्रश्न १८५८ साली लंडनमध्ये तसा गैरसोयीचाच होता. नाइटिंगेलने वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग केले आणि त्यांत तीन रंग भरले : जखमांनी झालेले मृत्यू लाल, टाळता येण्याजोग्या रोगांचे निळे, बाकी सारे काळे. पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात. जानेवारी १८५५ ची पाकळी पाहावी. सैन्य सुमारे ३२ हजार. जखमांनी मेले ८३, इतर कारणांनी ३२४, आणि रोगांनी २७६१. हा वेग वर्षभर टिकता, तर शत्रूने एकही गोळी न झाडता अख्खे सैन्य संपले असते.

पण चित्राची खरी करामत रंगांत नाही, रकान्यांत आहे. पटकी, अतिसार, आमांश, ताप अशा वेगवेगळ्या नावांखाली हे मृत्यू विखुरलेले राहिले असते, तर प्रत्येक आकडा किरकोळ दिसला असता. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या वर्गीकरणाने ते एका नावाखाली आले आणि निळा रंग वर्तुळभर पसरला. मुख्य कारण आलेखाने शोधले, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः कोणती कारणे एकत्र मोजायची हे आधी ठरते, रेघ नंतर ओढली जाते. (आणि गंमत अशी, की रोग दूषित हवेतून पसरतो अशीच तिची तेव्हा समजूत होती. तरी गटारे साफ करा, हा निष्कर्ष बरोबरच निघाला.)

तिने वर्तुळेही दोन काढली, मार्च १८५५ ला छेद देऊन. त्याच महिन्यात स्वच्छता आयोग स्कुटारीच्या रुग्णालयात पोचला होता. म्हणून दुसरे, लहान वर्तुळ त्याच्या कामाची साक्ष देते. मात्र तिच्याच कोष्टकात रोगमृत्यू फेब्रुवारीत २१२० वर आलेले दिसतात. ओहोटी आयोगापूर्वीच सुरू झाली होती, हिवाळाही सरत होता. आयोगाचे श्रेय याने पुसले जात नाही. पण छेद कुठे द्यायचा हा युक्तिवादाचा भाग होता, हे आजच्या वाचकाने ओळखायला हवे. बाई वकिली करीत होत्या, आणि ती आवश्यक होती.

पुढे १८५९ साली हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. नाइटिंगेलने इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. १८६३ च्या अहवालात मृत्युदर निघाला हजारी ६९, आणि कारणांच्या यादीत पुन्हा तेच : तुंबलेले सांडपाणी, घाण पाणी, दाटीच्या बराकी.