मामाच्या गांवची वाट

औरंगपुऱ्यांतून एकटाच मोटारसायकलीवर पुण्याच्या आप्तांकडे निघालेला तरुण कायगांव-टोक्याशीं गोदावरीचा पूल क्षणांत ओलांडतो. १९४८ पूर्वीं मात्र या नदीवर राज्य बदलत असे. अलीकडे निजामाचा हाली शिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार रुपया. शिवाय मालावर करोडगिरीची जकात. भाषा एकच, परंतु मामाच्या घरीं जाणें म्हणजे परमुलखांत जाणें होतें. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं लोक लढले, तुरुंगांत गेले. अखेर भारतीय फौजा आल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. आज त्या स्वारास वाटेंत कोणी राज्य विचारीत नाहीं. ही मोकळीक किती महाग पडली, याचें स्मरण त्यानें नदीकांठीं क्षणभर थांबून करावें.