दागिना दाखविण्याची रीत

तापीकाठच्या बऱ्हाणपूर शहराला तट आहे आणि त्या तटाला दरवाजे आहेत. शनवारा आणि इतवारा ही त्यांतील दोन दरवाजांची नावे. वारांवरून पडलेली ही नावे मराठी कानाला ओळखीची वाटावीत, अशीच आहेत. शहराभोवतीचा हा तट निजामउल्मुल्क आसफजाहाने १७३१ मध्ये बांधविला. त्यापूर्वी पन्नास वर्षे, १६८१ च्या प्रारंभी, संभाजी महाराजांच्या फौजांनी शहरालगतचा संपन्न बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे लुटून नेले होते. जरीच्या वस्त्रांसाठी आणि कलाबतूसाठी नावाजलेल्या या पेठेला तटाची गरज का होती, हे त्यावरून सहज समजावे.

परंतु तट, दरवाजे आणि चौकीपहारा यांनी चोरीचा एकच प्रकार थांबतो. जो शस्त्र घेऊन येतो, त्याला तट अडवितो. जो रात्री भिंत फोडतो, त्याला पहारेकरी अडवितो. पण जो भर दिवसा शनवारा दरवाजातून आत येतो, सराफाला रामराम करतो, गादीच्या कडेला बसून पाणी पितो आणि "लेकीचे लग्न आहे, पाटल्या दाखवा" असे म्हणतो, त्याला कोणी अडवावे? त्याला अडविणे म्हणजे गिऱ्हाइकालाच अडविणे. आणि गिऱ्हाईक अडविले, तर पेढी कशासाठी मांडली?

सराफाच्या धंद्याची अडचण नेमकी येथे आहे. धान्याचा व्यापारी मूठभर वानगी दाखवितो आणि पोती कोठारात ठेवतो. सोन्याला वानगी नाही. जो दागिना विकावयाचा, तोच परक्याच्या हाती द्यावा लागतो. त्याने तो उलटसुलट करून पाहावा, वजन अजमावावे, बोटात घालावा, शेजारी बसलेल्या माणसाच्या हाती द्यावा, हे सारे रीतीला धरूनच आहे. मालकी सराफाची आणि ताबा गिऱ्हाइकाचा, असे ते पाच-दहा मिनिटांचे अंतर असते. चोरी होते ती त्या अंतरात. ते राखावयाचे कसे, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. निरनिराळ्या काळी माणसाने त्याची तीन उत्तरे दिलेली दिसतात: अंगझडती, जबर शिक्षा आणि वस्तूची मोजदाद.

पहिल्या उत्तराचा जुना दाखला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्राचीन राज्यकारभाराचे एक दालनच अभ्यासकांना खुले झाले. त्यात सुवर्णाध्यक्षाच्या अक्षशाळेचे, म्हणजे सरकारी सोनारशाळेचे, वर्णन आहे. तिला दार एकच असावे, नेमणूक नसलेल्याने आत येऊ नये, आत काम करणाऱ्यांची वस्त्रे, हात आणि अंग येता-जाता तपासावे, असे नियम तेथे सांगितले आहेत. याच ग्रंथात सोने लांबविताना हातचलाखी झाकण्यासाठी कोणकोणती सोंगे केली जातात, त्यांचीही यादी आहे. बोलण्यात गुंतविणे, डोके खाजविणे, मांडी चाचपणे, माशी हाकलणे, वस्त्र सावरणे, स्वतःच्या अंगाकडे पाहणे, अशी ती सोंगे. यादी कारागिरांच्या चोरीसंबंधी असली, तरी आजच्या कोणत्याही पेढीवरच्या मुनिमाला ती वाचून दाखविली, तर तो ओळखीचे हसेल. सोंगे तीच आहेत. फक्त माशी हाकलणाऱ्या हातात आता मोबाइल असतो.

अंगझडतीचे दुसरे चित्र विजापूरच्या राज्यातील हिऱ्यांच्या खाणींवर दिसते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने सतराव्या शतकात त्या पाहिल्या. सुरतेहून आग्र्याकडे जाताना हा प्रवासी बऱ्हाणपुरावरूनही गेला होता, आणि येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातात, असे त्याने नमूद केले आहे. खाणीवर दर पन्नास मजुरांमागे बारा-पंधरा पहारेकरी असत. मजुरांच्या अंगावर लंगोटीपलीकडे वस्त्र नसे. तरीही ते हिरा गिळीत. एकाने तर तो डोळ्याच्या कोपऱ्यात दडविला होता. मजुराला वर्षाकाठी मिळत तीन होन! ज्याला पोटभर द्यावयाचे नाही, त्याचे पोट मात्र तपासावयाचे, असा तो कारभार होता. विशेष हे की, त्याच खाणींवर दुसरी एक रीतही होती. मोठा हिरा सापडून मजुराने तो धन्याकडे आणून दिला, तर त्याला पागोट्याचे कापड आणि तांदूळ-साखर बक्षीस मिळे. पहारा आणि बक्षीस यांपैकी कोणामुळे अधिक हिरे वाचले, हे ताव्हर्निये सांगत नाही.

दुसरे उत्तर जबर शिक्षेचे. त्याचा सर्वांत कठोर प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. १६९९ मध्ये तेथील पार्लमेंटने कायदा केला, की दुकानातून कोणी गुपचूप पाच शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल उचलला, तर त्याला फाशी द्यावी. भीतीने चोरी थांबेल, ही अपेक्षा होती. घडले निराळेच. समोर उभ्या असलेल्या मुलीला एका अंगठीसाठी फासावर पाठविणे पंचांच्या जिवावर येई. मग ते शपथेवर मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवीत आणि तिचा जीव वाचवीत. शिक्षा इतकी भारी झाली, की तिने न्यायालाच खोटे बोलावयास लावले. सर सॅम्युअल रोमिली यांनी हा कायदा रद्द व्हावा म्हणून पार्लमेंटमध्ये वारंवार खटपट केली. अमीर-उमरावांच्या सभागृहाने ती वारंवार फेटाळली. रोमिली १८१८ मध्ये वारले आणि १८२३ मध्ये या गुन्ह्याची फाशी रद्द झाली. फाशी गेल्यामुळे लंडनची दुकाने ओस पडली नाहीत.

तिसरे उत्तर मोजदादीचे. त्याचा सुंदर नमुना दिल्लीच्या बादशाही महालातला आहे, आणि सांगणारा पुन्हा ताव्हर्नियेच. १६६५ च्या नोव्हेंबरात औरंगजेबाने त्याला आपले जवाहीर दाखविण्याची आज्ञा केली. जवाहिरखान्याचा प्रमुख अकिलखान याने चार खोज्यांकरवी दोन मोठी लाकडी तबके आणविली. त्यांवर सोन्याचा वर्ख होता आणि वरून मखमलीचे आच्छादन. आच्छादन दूर झाल्यावर प्रथम सारे नग तीन वेळा मोजण्यात आले. तीन कारकुनांनी त्यांची यादी केली. एवढे झाल्यावर पहिला नग पाहुण्याच्या हाती आला. तो होता ३१९½ रतींचा प्रचंड हिरा! ताव्हर्नियेने तो तळहातावर घेऊन निरखला. मग एकेक करून बाकीचे नग पाहिले. या संथपणाचे त्याला मोठे नवल वाटले.

या प्रसंगात पाहुण्याची झडती कोणी घेतली नाही. त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिले, अशी तक्रारही त्याने केलेली नाही. मोजले गेले ते नग. यादी झाली ती नगांची. पाहुण्याचा मान राहिला आणि बादशहाचा हिराही राहिला.

याच्या उलट प्रकार अवघ्या सहा वर्षांनी लंडनच्या मनोऱ्यात घडला. तेथे राजमुकुट आणि इतर राजचिन्हे पैसे घेऊन लोकांना दाखविली जात. ती राखणारा टॅल्बट एडवर्ड्‌स हा सत्तरी उलटलेला गृहस्थ होता. कर्नल ब्लड नावाचा एक साहसी इसम पाद्र्याच्या वेषात तेथे आला. बरोबरच्या बाईने पोटदुखीचे सोंग केले, म्हाताऱ्याच्या बायकोने तिची शुश्रूषा केली आणि ओळख वाढली. ९ मे १६७१ रोजी ब्लड सोबत्यांसह आला आणि "मित्रांना मुकुट पाहावयाचा आहे" म्हणाला. भल्या सकाळी, नेहमीची वेळ सोडून, म्हाताऱ्याने दार उघडले. लगेच त्याच्या डोक्यात लाकडी हातोडा बसला. चोर पळताना पकडले गेले; पण मुकुट तोवर ठोकून चपटा केला होता. एडवर्ड्‌सने माणूस पाहिला, वेष पाहिला, आणि रीत मोडली.

मुंबईत १९ मार्च १९८७ रोजी हेच नाट्य नव्या वेषात झाले. एका तोतयाने वृत्तपत्रात जाहिरात देऊन तरुणांची भरती केली, आपण केंद्रीय तपास खात्याचे अधिकारी आहोत असे त्यांना भासविले आणि त्यांना घेऊन ऑपेरा हाउस भागातील एका प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या दुकानावर 'छापा' घातला. तपासणीसाठी नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरले, मोहोरबंद केले आणि तो ते घेऊन निघून गेला. भरती झालेले तरुण बिचारे दारावर प्रामाणिकपणे पहारा देत राहिले! तो इसम पुढे सापडला नाही. पाद्र्याचा झगा असो की सरकारी अधिकाराचा आव, चोर पुष्कळदा आदर उत्पन्न करणाऱ्या वेषात येतो, ही गोष्ट या दोन्ही प्रसंगांत सारखीच आहे.

ही गोष्ट विसरल्याने आपल्या देशात फार मोठा अन्याय झाला. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्म झाला एवढ्यावरून मनुष्याचे नाव पोलिसांच्या वहीत चढू लागले. त्याने हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असे निर्बंध आले. सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. परंतु कायदा पुस्तकातून पुसला, तरी नजरेतून पुसावयास वेळ लागतो. पदराला गाठ मारून पैसे आणलेली, पायात चप्पल नसलेली बाई पेढीच्या पायरीवर चढली, की गुमास्त्याची नजर तिच्या हातांवर खिळते. तिने वर्षभर मजुरी करून मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपुरते पैसे साठविलेले असतात. सोन्याचा तो क्षण तिच्या आयुष्यात एकदाच येणार असतो; आणि त्याच क्षणी तिला कळते, की आपण गिऱ्हाईक नसून संशयित आहोत. तिचे जे जाते, ते परत मिळवून देण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

आपल्या जुन्या सराफी रीतीत यावर तोड होती, आणि ती बादशाही तबकाच्याच जातीची होती. एका वेळी एकच नग बाहेर काढावयाचा. तो डबीत परत गेल्यावर दुसरा. देताना काट्यावर आणि घेताना काट्यावर. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. गुंजेचाही फरक काट्याला कळतो, त्यामुळे खरा दागिना ठेवून त्याजागी हलका नग सरकविण्याचा डाव फसतो. अंगठ्यांचे तबक खाचांचे असते. एक खाच रिकामी राहिली, की ती न बोलता चाडी सांगते. घरी पसंतीसाठी न्यावयाचा माल 'जांगड' म्हणून चिठ्ठीवर जाई. चिठ्ठीत नग, वजन आणि परतीची बोली असे. चिठ्ठी थोरामोठ्याकडूनही घेतली जाई, म्हणून ती धाकट्याला झोंबत नसे. रीत सर्वांना सारखी असली, की तिच्यात अपमान उरत नाही.

कायद्यानेही या धंद्यातील एक जुनी क्लृप्ती ओळखलेली आहे. अंगठी पाहता पाहता ती फळीच्या खालच्या बाजूस मेणाने चिकटवावयाची, झडती झाल्यास रिकामे हात दाखवावयाचे आणि मागाहून येणाऱ्या सोबत्याने ती काढून न्यावयाची, असा हा डाव आहे. अशा माणसाजवळ काहीच सापडत नाही. मग तो चोर कसा? १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली अंगठीचेच उदाहरण दिले होते. झडतीच्या भीतीने दुसऱ्याची अंगठी पुढे नेण्याच्या हेतूने दडविली, तर ती प्रथम जागची हलविली त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली, असा त्याचा आशय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते उदाहरण कायम आहे. नव्या संहितेने आणखी एक पाऊल टाकले. पहिलाच गुन्हा असेल, माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल आणि तो किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा तिने सांगितली आहे. पाच शिलिंगांच्या फाशीपासून येथवर यावयास सव्वातीनशे वर्षे लागली.

आज शनवाऱ्याच्या दरवाजावरून मोटारींची वर्दळ चालते. लग्नसराईत मध्यप्रदेशातून आणि रावेरकडच्या खानदेशातून माणसे शहरात खरेदीला येतात. पेढ्यांवर काचेची कपाटे आली, छताला कॅमेरे आले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असणे विक्रीसाठी आवश्यक झाले. म्हणजे प्रत्येक नगाला आता स्वतःचे नाव मिळाले, आणि अकिलखानाच्या तीन कारकुनांचे काम ती खूण करू लागली. कॅमेऱ्याचा एक गुणही मान्य केला पाहिजे. धोतरवाल्याकडे आणि सुटाबुटातल्याकडे तो सारख्याच डोळ्याने पाहतो. मागे बसून ते चित्र पाहणारा माणूस मात्र तसा पाहीलच, असे नाही.

म्हणून पेढीवर नव्याने बसलेल्या मुलाला पहिला धडा द्यावयाचा, तो चोर ओळखण्याचा नव्हे. तबकात किती नग आहेत, ते त्याने मोजावे. एक आत गेल्यावाचून दुसरा काढू नये. माणूस गोड बोलला म्हणून घाई करू नये, आणि फाटका दिसला म्हणून आवाज चढवू नये. एवढे त्याने पाळले, तर दिवसाअखेर तबक पूर्ण भरेल. आणि पायरी उतरणाऱ्या त्या अनवाणी बाईच्या पदराच्या गाठीत, आयुष्यभर पुरेल अशी एक चांगली आठवणही बांधली जाईल.