पालघरची रो कुठे गेली?

तर झालं असं, मागच्या शनिवारी आमच्या माणिकपूरची लोकसंख्या कशी वाढत गेली याचा ग्राफ काढायला बसलो. आठवडाभर क्वेऱ्या लिहिणाऱ्या माणसाला यात काय अवघड? म्हटलं, चहा निवायच्या आत होईल.

२०११ च्या जनगणनेत 'पालघर जिल्हा' शोधला. नाही. २००१ मध्येही नाही. अर्थात नसणारच! आपला जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी आपण ठाण्यात. बरं, माणिकपूर शोधावं तर २००१ मध्ये 'नवघर-माणिकपूर' नगरपरिषद. ती २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत गेली, त्यामुळे २०११ मध्ये शहर म्हणून वेगळं नावच नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये तर वसईची झालीये 'बॅसीन'. नगरपरिषदेचा जुना आकडा महापालिकेच्या बारा लाखांना जोडला असता, तर ग्राफ सरळ आभाळात गेला असता. आणि मी तो अभिमानाने मित्रांना पाठवलाही असता!

शेवटी ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी तक्त्याखालची टीप वाच रे, आकडे नंतर." चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण आमच्यासाठी लायब्ररी म्हणजे परीक्षेआधी झोपायची जागा. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पण आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे बरं का. नामदार गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले. शिल्लक दिसते म्हणजे देश सुखी आहे असं नाही, लोकांवर कर जास्त आहे, असा त्यांचा मुद्दा. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला. त्याच समाजातर्फे १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक, आणि आज तिथलं ग्रंथालय त्यांच्याच नावाने आहे.

ग्रंथालय आणि सर्वेक्षण एकाच आवारात, ही तिथली गंमत. गाडगीळांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, ते १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापलं गेलं. पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते घेऊन गरिबीचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढाही खर्च न करू शकणारे खेड्यात सुमारे ४० टक्के, शहरात ५० टक्के! तक्ते सगळ्यांसाठी उपलब्ध होते. ते वाचायचे कसे, हे यांना येत होतं.

आता मला काळजी वाटते ती पुढची. २०२७ ची जनगणना ही पालघरची जिल्हा म्हणून पहिलीच. २०११ च्या ठाण्यातले सुमारे ३० लाख लोक आता आपल्याकडे आहेत. कुणीतरी हौशी पोरगा दोन फाइली जोडणार आणि ठाण्याची वाढ खुंटली असं ठोकून देणार. त्यावर शाळा, पाणी, बसगाड्या ठरल्या तर?

डेटा आज घरबसल्या डाउनलोड होतो. टीप वाचायला शिकवणारं माणूस मात्र होत नाही. ते कॉलेजच्या लायब्ररीत बसलेलं असतं, आणि आपण त्यांच्याकडे फक्त पुस्तक रिन्यू करायला जातो.

असो. ग्राफ अजून अर्धाच आहे. पुढच्या शनिवारी बाईंकडे परत जाणार आहे.