खाँसाहेबांनी सांगितलेले आयुष्य

कवीच्या पश्चात पोथी राहते, मूर्तिकाराच्या पश्चात मूर्ती राहते. गवयाच्या मागे मात्र श्रोत्यांच्या कानी साठलेले तेवढेच उरते, आणि ते श्रोतेही एक एक करून निघून जातात. यास्तव वयोवृद्ध कलावंत आपल्या गत आयुष्याविषयी बोलू लागला, की संगीताच्या इतिहासाने कान देऊन ऐकावे. गायनमहर्षी अल्लादियाखाँ यांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी ठरते.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे धृपदियांचे, तालीम मिळाली ती चुलते जहांगीरखाँ यांच्याकडून. पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर खाँसाहेबांनी मुंबईस बिऱ्हाड केले आणि १९४६ साली तेथेच देह ठेवला. राजस्थानातील ही वेल महाराष्ट्राच्या मातीत कशी फळली, हे सांगण्यास भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ही तीन नावे पुरेशी आहेत.

परंतु या वैभवाच्या मुळाशी एक मोठी हानी आहे. ऐन उमेदीत, आमलेटा दरबारी असताना, अतिगायनाने खाँसाहेबांचा गळा बसला. कित्येक महिन्यांनी आवाज परतला, पण पहिला गोडवा आणि पहिला पल्ला त्यात राहिला नव्हता. दुसरा एखादा खचला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी घडविली: लयीशी घट्ट बांधलेली आलापी, बलपेचांच्या ताना, अनवट रागांची बिकट वाट. जयपूर घराण्याचे सौंदर्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याचा उगम या आपत्तीत असल्याचे अनेक जाणकार मानतात.

खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्यापाशी नाही. आहेत ते शब्द. गोविंदराव टेंबे यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. आणि वार्धक्यात खुद्द खाँसाहेबांनी आपला जीवनवृत्तान्त नातू अझीझुद्दीनखाँ यांस उर्दूत कथन केला. त्याचे इंग्रजी भाषांतर २००० साली प्रसिद्ध झाले. नातू जवळ बसला, त्याने ऐकले आणि टिपून ठेवले, म्हणून धृपदियांच्या घरांतील आणि संस्थानी दरबारांतील एक लुप्त झालेले जग आपणास त्या जगातल्याच माणसाच्या तोंडून कळते.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली. शिष्येचा स्वर ताऱ्यांच्या वाटेला लागला. ज्या गुरूने तो घडविला, त्याचा स्वर मात्र पृथ्वीवरही कोठे उरलेला नाही. आपल्या गावी एखादे वृद्ध गवई, सारंगिये वा नट अद्याप असतील, तर वाचकहो, एखादी संध्याकाळ त्यांच्यापाशी अवश्य बसावे. विचारणारा भेटला नाही, म्हणून कितीतरी मैफली त्यांच्याबरोबरच संपून जातील.