खुडलेल्या फुलांचा गंध

देठापासून तोडलेल्या फुलांतून येणारा वास आणि माणसाला होणारी त्याची जाणीव. फूल खुडल्यावर त्याचा वास वाढेल, टिकेल की विरेल, हे मुख्यतः त्याच्या जातीवर ठरते.

मोगऱ्याच्या टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या सकाळी खुडतात. ओवताना त्यांना फारसा वास नसतो. संध्याकाळी त्या उमलतात आणि मग घमघमाट सुटतो. म्हणजे गजऱ्याचा बराचसा गंध झाडावर नव्हे, दोऱ्यावर तयार होतो. तुटलेल्या पाकळीतल्या पेशी काही काळ जिवंत राहून बेंझिल ॲसिटेट, लिनालूल, इंडोल अशी हवेत उडणारी द्रव्ये बनवत असतात. फ्रान्समधील ग्रास गावच्या अत्तरकारांची जुनी पद्धत याच गुणावर उभी होती : चरबी फासलेल्या काचेवर चमेलीची फुले पसरायची, साधारण दिवसभराने ती काढून ताजी घालायची. निशिगंधाची फुले त्याहून अधिक काळ ठेवत. आपल्याकडे सोललेल्या तिळांना फुलांचे थर देऊन, मग ते तीळ गाळून काढलेले फुलेल तेल हा त्याचाच चुलत प्रकार. गुलाबाला ही सवलत नाही. त्याची फुले पहाटे खुडून शक्य तितक्या लवकर भट्टीवर चढवावी लागतात.

प्राजक्ताचा वास सकाळ सरेपर्यंत विरू लागतो. बकुळीचा मात्र फूल सुकून तपकिरी झाले तरी राहतो, म्हणून ती वहीत आणि कपड्यांच्या घडीत जाऊन बसली. कोकण-गोव्यातील सुरंगीचे वळेसरही सुकल्यावर वास धरून असतात. अबोलीला वासच नाही, तरी तिच्या वेण्यांचे काही अडत नाही.

दुकानातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला वास नाही, ही तक्रार खरी आहे. या जातींची निवड टिकाऊपणा, रंग आणि वाहतूक सोसण्याची ताकद पाहून झाली. त्यात गंध मागे पडला. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की, गुलाबातील जिरॅनिऑलसारखी द्रव्ये घडवण्यात ‘न्युडएक्स१’ या विकराचा हात असतो आणि वास नसलेल्या जातींत तो फारच थोडा असतो. त्यातून शीतगृहातला मुक्कामही गंधाला मानवत नाही, कारण गारव्यात ही द्रव्ये कमी उडतात.

नाकाच्या पोकळीत वरच्या बाजूला गंधग्राही पेशींचा लहानसा पट्टा असतो. साध्या श्वासातली थोडीच हवा तिथवर पोचते, म्हणून आपण फूल हुंगतो. (देवाला वाहायचे फूल हुंगू नये, असा दंडक आहे, सोनचाफ्यापुढे तो पाळूनही काही चुकत नाही.) लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांच्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले व त्यासाठी २००४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक काम करतात. एक द्रव्य अनेक ग्राहकांना जागे करते. त्या एकत्रित ठशाला मेंदू ‘मोगरा’ म्हणतो. इंडोल थोडे असले की हा ठसा फुलाचा, दाट झाले की विष्ठेचा.

सगळ्यांची नाके सारखी नसतात. व्हायोलेट फुलांतील बीटा-आयोनोन काहींना ठळक फुलासारखे लागते, तर काहींना ते जेमतेम जाणवते किंवा आंबट, उग्र वाटते. २०१३ च्या एका अभ्यासाने या फरकाचे मूळ मुख्यतः ‘ओआर५ए१’ या एका ग्राहकाच्या जनुकात दाखवले. सोनचाफ्यातही आयोनोनच्या कुळातील द्रव्ये आहेत, पण सोबत इतरही असल्याने त्याचा वास सहसा कुणाला पूर्ण हुकत नाही.

एकच गंध सतत येत राहिला की त्याची जाणीव काही मिनिटांतच बोथट होते. गजरा माळलेलीला वाटते, वास उडाला. जिन्यात भेटलेली शेजारीण विचारते, आज कुठून आणलास?